काळ्या भांड्यांसमोर थांबा: एट्रुस्कन बुक्केरोबद्दल

नमस्कार मंडळी. एट्रुस्कन म्हणजे कोण हा प्रश्न आधी येतो, तर रोम मोठं व्हायच्या आधी मध्य इटलीत, आर्नो आणि टायबर या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे आजचं टस्कनी आणि लाझिओचा उत्तर भाग, तिथे राहणारे लोक. स्वतःची भाषा, स्वतःची शहरं, समुद्रावर व्यापार, आणि रोमच्या सुरुवातीच्या राजांपैकी काही जण यांच्यातलेच असं रोमन लोकच सांगायचे. त्यांची घरं मातीची नि लाकडाची, ती गेली. उरल्या त्या कबरी, आणि कबरींमध्ये भांडी. ढीगच्या ढीग भांडी.

आता तुम्ही रोममधल्या व्हिला जूलियाला जा, व्हॅटिकनच्या एट्रुस्कन म्युझियमला जा नाहीतर फ्लोरेन्सला, सगळीकडे एकच दिसतं, गर्दी असते ती रंगवलेल्या भांड्यांसमोर, ज्यांच्यावर अकिलीस आहे, हेराक्लीस आहे, घोडे, रथ, लढाया. सुंदरच आहेत ती, वादच नाही. पण त्यातली बरीचशी अथेन्समध्ये बनलेली आहेत, एट्रुस्कन श्रीमंतांनी विकत घेतलेला तो इम्पोर्टेड माल. फ्लोरेन्सचा प्रसिद्ध फ्रान्स्वा कलश घ्या, १८४४-४५ मध्ये किउसीजवळच्या एट्रुस्कन कबरीत सापडला, पण बनवणारा एर्गोटिमोस आणि रंगवणारा क्लाइटियास, दोघंही अथेन्सवाले. आणि शेजारच्या कपाटात, बहुतेक वेळा खालच्या फळीवर, काळी भांडी ठेवलेली असतात, चित्र नाही, रंग नाही, लोक एक नजर टाकून पुढे जातात. ती मात्र खास एट्रुस्कन. तिला बुक्केरो म्हणतात. मी आज तिच्याबद्दलच बोलणार आहे कारण मला मनापासून वाटतं की या लोकांच्या हातात काय होतं ते कळायचं असेल तर तिथे थांबायला हवं.

हे दुर्लक्ष आजचं नाही. १८२८ मध्ये व्हुल्ची या जुन्या एट्रुस्कन शहराच्या जागी, एका शेतात नांगर ओढणाऱ्या बैलांच्या पायाखालची जमीन खचली आणि खाली कबर निघाली, जमिनीचा मालक नेपोलियनचा भाऊ लुसियन बोनापार्ट, त्याने मग धडाक्यात खोदकाम लावलं आणि हजारो भांडी बाहेर काढली. पुढे त्याच्या वारसांच्या काळात एक इंग्लिश प्रवासी तिथे गेला, त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की चित्र नसलेलं साधं काळं भांडं निघालं की मजूर ते तिथेच पायाखाली चिरडतायत, तसा हुकूमच होता, बाजारात स्वस्त माल येऊन भाव पडू नये म्हणून. त्याने एक तरी द्या म्हणून विनवलं, दिलं नाही. हे वाचलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं, आजही वाटतं.

बरं, काळी म्हणजे किती काळी? रंग लावलेली नाही हे आधी लक्षात घ्या. फुटलेला तुकडा बघितला तर कडेलाही काळा, आतपर्यंत काळा. माती मुळात लोखंड असलेली, उघड्या भट्टीत भाजली तर आपल्या कुंडीसारखी लालच होईल. यांनी काय केलं, भांडं अर्धवट वाळल्यावर गुळगुळीत वस्तूने घोटून घोटून चकाकी आणली, भट्टीत रचलं, आणि भाजताना भट्टीची तोंडं बंद केली. आत हवा नाही, जळणाला ऑक्सिजन पुरत नाही, मग तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड मातीतल्या लाल आयर्न ऑक्साइडमधला ऑक्सिजन खेचून घेतो आणि लाल ऑक्साइड काळं होतं, शिवाय कोंडलेल्या धुरातला कार्बन मातीत मुरतो. ऐकायला सोपं, पण हवा चुकीच्या वेळी आत शिरली की भांडं लालसर नाहीतर डागाळलेलं निघणार, आणि थर्मामीटर वगैरे काही नाही, सगळा अंदाज डोळ्यांचा नि अनुभवाचा. भट्टीतली हवा सांभाळणं विदर्भातल्या महापाषाणयुगीन कुंभारांनाही येत होतं, माहुरझरीला निघालेली काळी-आणि-तांबडी भांडी त्याच लोहयुगातली, त्यांचा आणि एट्रुस्कनांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण नागपूरच्या आसपासच्या लोकांनी ती जरूर बघावीत.

बुक्केरोची सुरुवात इसवी सनपूर्व ६७५ च्या सुमारास, चेर्वेतेरी या शहरात, तेव्हा त्याला काइरे म्हणायचे. पहिली भांडी इतकी पातळ की काहींची भिंत दोन-तीन मिलीमीटरच. हा हट्ट कशासाठी, तर धातूसाठी. श्रीमंतांच्या घरी चांदीची, ब्राँझची भांडी असायची आणि कुंभार मातीत तोच पातळपणा, तीच धार, तीच चकाकी आणू बघत होता, काही भांड्यांवर तर चांदीचा पातळ पत्रा चढवलेला सापडलाय.

त्यातला कँथारॉस जरा नीट बघा, वाईनचा प्याला. खाली पसरट पाय, वर उथळ वाटी, आणि दोन बाजूंना पट्टीसारखे दोन कान, काठाच्याही वर उंच चढून मग खाली वळून वाटीच्या बुडाशी चिकटलेले. वाटी जिथे वळते त्या कडेवर एकसारख्या खाचा. आणि अंगावर कधी कधी छोटे छोटे पंखे, दातेरी हत्यार ओल्या मातीत टेकवून काढलेले, ठिपक्यांचे, काही उघडलेले काही मिटलेले. हे सगळं काळ्यावर काळं, म्हणून लाईट समोरून असेल तर दिसतच नाही, थोडं बाजूला सरकून तिरप्या उजेडात बघावं लागतं. म्युझियमवाल्यांनी हे लाईट जरा विचार करून लावले तर अर्धं काम होईल असं माझं स्पष्ट मत आहे.

हे प्याले दक्षिण फ्रान्समध्ये, कार्थेजमध्ये, ग्रीसमध्येही मिळालेत, फ्रान्सच्या काप दांतीबजवळ बुडालेल्या एका जहाजात एट्रुस्कन वाईनच्या अँफोरांबरोबर, म्हणजे दोन कानांच्या उंच मातीच्या भांड्यांबरोबर, बुक्केरो सापडली. म्हणजे वाईन जायची आणि प्यायची भांडीही सोबत जायची. आणि उलटा प्रवास तर फारच छान आहे. अथेन्समध्ये निकोस्थेनीस नावाचा कुंभार होता, इसवी सनपूर्व ५३० च्या आसपासचा, त्याने रुंद चपट्या कानांचा एक अँफोरा बनवायला घेतला, तो आकार थेट बुक्केरोवरून उचललेला, वर ग्रीक चित्रं आणि स्वतःची सही, आणि हा माल जवळजवळ सगळा काइरेलाच सापडतो. गिऱ्हाईक कुठलं आणि त्याला काय आवडतं हे त्याला पक्कं माहीत होतं! तेव्हा एट्रुस्कन नुसते ग्रीकांची नक्कल करायचे असं कोणी म्हणालं तर हा अँफोरा दाखवा.

माझं सगळ्यात आवडतं भांडं मात्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, इसवी सनपूर्व सातव्या शतकातला बुक्केरोचा कोंबडा. उंची फक्त दहा सेंटीमीटर. डोकं म्हणजेच झाकण, ते दोरीने बांधता यावं अशी सोय, आणि पोटाभोवती कोरलेली अख्खी एट्रुस्कन मुळाक्षरं, २६. शाईची दौत असावी असा अंदाज आहे. त्या काळात इटलीत लिहिता येणं ही मोजक्या घरांची गोष्ट होती, ज्याच्याकडे हा कोंबडा होता त्याला ते मिरवायचंही असणार.

पुढच्या शतकात काम जाड होत गेलं, किउसीकडे तर साच्यातून काढलेले सिंह, स्फिंक्स, मुखवटे असा भरगच्च प्रकार, कबरीत ठेवायला अख्ख्या ट्रे भरून छोटी भांडीकुंडी. मला तो तितका भावत नाही. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात बुक्केरो संपत गेली.

काळा रंग भट्टीतून येतो हे ज्ञान पुढे एका मोठ्या प्रकरणात कामी आलं, तेही सांगतो. मेट्रोपॉलिटननेच १९१५ ते १९२१ च्या दरम्यान मातीचे तीन भव्य एट्रुस्कन योद्धे विकत घेतले होते, वर्षानुवर्षं लोक बघत होते. मग त्यांच्या काळ्या लेपाची तपासणी झाली, त्यात मँगनीज निघालं. जुन्या ग्रीक आणि एट्रुस्कन कामात काळेपणा लोखंडाचा, भट्टीतली हवा रोखून आणलेला, मँगनीज घालून रंग आणायची त्यांची रीत नव्हती. १९६१ मध्ये ते योद्धे बनावट असल्याचं म्युझियमने जाहीर केलं, बनवणाऱ्यांपैकी आल्फ्रेदो फिओराव्हांती तेव्हा हयात होता, त्याने कबुली दिली आणि पुरावा म्हणून एका योद्ध्याचा तुटलेला अंगठा काढून दाखवला, इतकी वर्षं जपून ठेवलेला, आणि तो बरोबर बसला.

आता प्रश्न घेऊ, आणि पुढे या ना, इथे टेबलावर बुक्केरोच्या तुटलेल्या कडांचे मोठे फोटो ठेवलेत, ते बघत बघतच बोलू.