‘अ‍ॅलर्जी न होणारं’ मांजर

गेल्या वर्षी माझ्या जनावरांच्या दवाखान्यात एक जोडपं आलं. सोबत जनावर नव्हतं. मांजर घ्यायच्या आधी डॉक्टरांकडे येणारी माणसं इतकी क्वचित भेटतात, की मी त्यांना आधी चहा पाजला. नवऱ्याला शिंकांचा त्रास आणि बायकोला मांजर हवंच. मोबाइलमध्ये ‘अ‍ॅलर्जी न होणाऱ्या’ मांजरांच्या जातींची यादी तयार होती: स्फिंक्स, डेव्हन रेक्स, कॉर्निश रेक्स, बालिनीज, सायबेरियन. ‘मॅडम, यातलं कुठलं घेऊ?’ मी म्हटलं, यातलं एकही नको, निदान आत्ता तरी नको. दोघांचे चेहरे पडले. तेव्हा घाईत जे नीट सांगता आलं नाही, ते आज इथे सांगते.

मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो, असं माझी आजी सांगायची. तुमच्याही घरी कोणीतरी सांगत असेल. आजीचं निम्मं बरोबर होतं. मांजराने दमा चाळवतो हे खरं, पण त्यात केसाचा दोष नाही. दोष एका प्रथिनाचा आहे, त्याला ‘फेल डी १’ म्हणतात. मांजराचं जुनं शास्त्रीय नाव फेलिस डोमेस्टिकस, त्यातलं ‘फेल’ आणि ‘डी’, आणि सापडलेलं पहिलं म्हणून १. हे प्रथिन मांजराच्या कातडीतल्या तेलग्रंथींत तयार होतं, लाळेत असतं, गुदग्रंथींत असतं. मांजर दिवसभर अंग चाटतं, लाळ केसांवर वाळते, तिची भुकटी होते, कातडीचा कोंडा झडतो आणि हे सगळं हवेत जातं. यातले बरेच कण इतके बारीक असतात की ते तासन्‌तास खाली बसत नाहीत, श्वासाबरोबर थेट छातीत उतरतात. म्हणून एखाद्याला मांजर असलेल्या घरात पाऊल टाकताच डोळ्यांना खाज सुटते. मांजर तेव्हा शेजारच्या गच्चीवर असतं.

शिवाय हे प्रथिन भलतं चिकट आहे. मांजरवाल्यांच्या कपड्यांवरून ते शाळेच्या वर्गात पोहोचतं, जिथे मांजर कधी फिरकलेलं नसतं. घरातून मांजर गेलं तरी गाद्या, सोफे, पडदे यांतून ते उतरायला चार-सहा महिने लागू शकतात. लोक मांजर महिनाभर मावशीकडे ठेवतात, शिंका थांबत नाहीत, मग म्हणतात, चला, मांजर निर्दोष सुटलं! एवढ्या घाईने निकाल देऊ नका.

आता ती यादी बघा. स्फिंक्स म्हणजे केस नसलेलं मांजर. १९६६ साली कॅनडात टोरांटोला एका सामान्य मांजरीला केस नसलेलं पिल्लू झालं, तिथून ही कथा सुरू होते. पण केस नाहीत म्हणून तेलग्रंथी नाहीत असं थोडंच आहे? उलट ते तेल शोषायला केस नसल्यामुळे स्फिंक्सचं अंग चिकट होतं आणि त्याला दर आठवड्याला अंघोळ घालावी लागते. म्हणजे आपल्याला ज्याचा त्रास, ते थेट हाताला लागतं. कुरळ्या केसांचं कॉर्निश रेक्स १९५० साली इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये निपजलं. त्याचे केस कमी गळतात, सोफा स्वच्छ राहतो, पण लाळ असतेच. सायबेरियनबद्दल थोडं जपून बोलायला हवं. त्या जातीच्या काही मांजरांत या प्रथिनाच्या जनुकात बदल सापडले आहेत, आणि काहींत प्रथिनाचं प्रमाण खरोखर कमी असतं. ‘काहींत’ हा शब्द मात्र विक्रेत्याच्या जाहिरातीत गळून पडतो. आणि बर्फातल्या त्या जाडजूड कोटाच्या प्राण्याला आपल्या एप्रिल-मे महिन्यांत एसी लावून ठेवायचं का, हेही एकदा स्वतःला विचारा.

या विषयात पैसे कसे गेले त्याचा एक किस्सा आहे. अमेरिकेत ॲलर्का नावाच्या कंपनीने २००६ मध्ये ‘अ‍ॅलर्जी न होणारी मांजरं’ विकायला काढली, किंमत सुमारे ४००० डॉलर. पुढच्या वर्षी ‘ॲशेरा’ नावाचं ठिपकेदार, मोठ्या अंगाचं मांजर आलं, ते २२००० डॉलरच्या घरात. २००८ मध्ये नेदरलँड्समध्ये डीएनए तपासणी झाली आणि कळलं की ॲशेरा नावाची नवी जात वगैरे काही नाही, ते सॅव्हाना मांजर आहे, म्हणजे आफ्रिकेतल्या सर्व्हल या रानमांजराचा आणि घरच्या मांजराचा संकर. डोळे मिटून दूध पिणारं मांजर आपण ऐकलं होतं, इथे गिऱ्हाइकानेच डोळे मिटले होते. कुत्र्यांचंही असंच आहे. ‘अ‍ॅलर्जीमुक्त’ म्हणून मिरवणाऱ्या जातींच्या केसांत कुत्र्याचं प्रथिन इतर जातींपेक्षा कमी नाही, उलट जास्त निघालं, असं नेदरलँड्समधल्याच २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं.

मग फरक कशाने पडतो? एकेका मांजराने. दोन मांजरांतल्या प्रथिनाच्या प्रमाणात प्रचंड तफावत असू शकते, एकाच जातीतसुद्धा. त्याखालोखाल नर की मादी, आणि ऑपरेशन झालंय की नाही. बोक्याच्या अंगात नर-संप्रेरकामुळे हे प्रथिन जास्त तयार होतं, नसबंदी केली की उतरतं. म्हणून नर पिल्लू कुशीत घेऊन ‘मला काहीच झालं नाही हो’ म्हणणाऱ्यांनी थोडं थांबावं, ते वयात यायचंय अजून. अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाने पिल्लापेक्षा मोठी, ऑपरेशन झालेली मादी बघावी. आमच्या कोकणात तिला भाटी म्हणतात. ती पेट शॉपच्या काचेमागे नसते, प्राणिमित्रांच्या घरी असते, आणि बहुतेक वेळा फुकट मिळते.

पण त्याआधी एक काम. तुम्हाला खरोखर मांजराचीच अ‍ॅलर्जी आहे का ते तपासा. माणसांच्या अ‍ॅलर्जी-तज्ज्ञाकडे स्किन प्रिक टेस्ट होते: हातावर द्रावणाचे थेंब ठेवून हलकं टोचतात, पंधरा-वीस मिनिटांत जिथे गांधी उठते तिथे संशय. आधी काही दिवस अ‍ॅलर्जीची गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर काहीच उठत नाही आणि आपण उगीच खूश होतो. हे मी का सांगते? मुंबईत, कोकणात, जिथे हवा दमट आहे तिथे गादीतले धुळीचे किडे भरपूर पोसले जातात. डोळ्यांना न दिसणारे हे किडे कितीतरी लोकांच्या शिंकांचं खरं कारण असतात. मांजर त्याच गादीवर झोपतं म्हणून आळ त्याच्यावर येतो.

दुसरी गल्लत अंगावरच्या चट्ट्यांची. ‘डॉल फेस’, ‘पंच फेस’ असं म्हणून जी पर्शियन पिल्लं विकतात, त्यांच्यापैकी काहींच्या अंगावर गजकर्णाची बुरशी असते. घरच्या मुलांच्या हातावर गोल चट्टे उठतात, घरचे म्हणतात अ‍ॅलर्जी झाली, मांजर परत द्या. ती अ‍ॅलर्जी नाही, संसर्ग आहे. मुलांवर आणि मांजरावर एकदम उपचार केले की जातो. दर पावसाळ्यात माझ्याकडे अशी दोन-तीन घरं येतात.

तपासणीत मांजरच निघालं तर? दमा असेल तर छातीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका, तिथे माझं ऐकू नका. नुसत्या शिंका आणि डोळ्यांची खाज असेल तर ज्या मांजराचा विचार आहे त्याच मांजराजवळ जाऊन बसा. एकदा नाही, चार-पाच वेळा, तासभर. त्याला थोपटा, मग हात डोळ्यांजवळ न्या. पहिल्या भेटीत काही झालं नाही म्हणून सही करू नका, त्रास साठत जातो.

घराचं म्हणाल तर आपली फरशी हे आपलं नशीब. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा अंथरणाऱ्या देशांपेक्षा आपण बरे. फक्त कोरडा झाडू मारून वर पंखा पाचवर लावू नका, ओल्या फडक्याने पुसा. बेडरूममध्ये मांजराला बंदी, पहिल्या दिवसापासून. रोज अंघोळ घालायचा सल्ला ऐकाल, पण दोन-तीन दिवसांत प्रथिन पुन्हा पूर्वीइतकं होतं आणि तोवर मांजराने तुमच्याशी वैर धरलेलं असतं. २०२० पासून अमेरिकेत एक खाद्य मिळतं, त्यात कोंबडीच्या अंड्यातली प्रतिपिंडं असतात आणि ती लाळेतल्या प्रथिनाला निकामी करतात. तिसऱ्या आठवड्यापासून सरासरी ४७ टक्के घट, असं कंपनीचं संशोधन सांगतं. घट म्हणजे शून्य नव्हे. जनुकच कापून टाकायचं कामही प्रयोगशाळेत चालू आहे, पण तसं मांजर अजून बाजारात नाही. कोणी विकत असेल तर ॲशेरा आठवा.

ते जोडपं एका प्राणिमित्र बाईंच्या घरी सहा आठवडे दर रविवारी जाऊन बसलं. पहिल्या नारिंगी बोक्याने वीस मिनिटांत नवऱ्याच्या डोळ्यांतून पाणी काढलं. दुसऱ्याने तासाभरात. तिसरी तीन वर्षांची पट्टेरी भाटी, ऑपरेशन झालेली, त्याची खूण म्हणून एका कानाचं टोक कापलेलं. तिच्याजवळ नाक थोडं वाहिलं, एवढंच. काही बिनसलं तर मांजर परत घेईन, असं बाईंनी आधीच कबूल केलं होतं. हे बोलून घेतलेलं बरं, कारण त्रास झाला म्हणून रस्त्यावर सोडलेलं पाळीव मांजर फार दिवस जगत नाही. नवरा अजून अधूनमधून गोळी घेतो. भाटी बेडरूमच्या बाहेर झोपते आणि पहाटे पाचला दार खरवडते. त्यावर काही औषध आहे का म्हणून परवा फोन आला होता, पण त्यावर माझ्याकडेही काही नाही.