रंगातली ओळ, खडूतली ओळ

(दृश्य: पहाट. रावेर तालुक्यातली केळीची बाग. पानांवरून दव टपकतंय. मागे सातपुड्याची निळसर रांग.)

उजाडायच्या आत टोळी बागेत उतरते. पुढे घड कापणारा, मागे खांद्यावर फोमची गादी टाकलेला त्याचा जोडीदार. खोडावर कोयत्याचा अर्धा घाव बसतो, झाड हळूच वाकतं आणि घड अलगद गादीवर येतो. तासभर कॅमेरा धरून उभे होतो, एकही घड जमिनीला लागलेला दिसला नाही.

(दृश्य: घडाच्या दांड्यावरची निळी फीत, अगदी जवळून.)

ही फीत बघा. केळी कुठल्या आठवड्यात निसवली, म्हणजे घड बाहेर पडला, त्यावरून फितीचा रंग ठरतो. आज निळी फीत कापायची म्हटलं की निळीच. टोळीत काल आलेल्या पोरालाही कुणाला विचारावं लागत नाही.

(दृश्य: रावेर स्टेशन. मग ट्रॅक्टरची ट्रॉली, पॅकहाऊसचं फाटक.)

खान्देशात केळी जुनीच. रावेर, सावदा इथल्या स्टेशनांवरून ती रेल्वेनं दिल्लीला जायची. घड पाल्यात बसवायचे, थप्पी मारायची, पुढचं नशीब. ज्याचा हात बसलेला, त्याचा माल नीट पोचायचा. ती रीत कागदावर नव्हती, म्हाताऱ्यांच्या हातात होती. १९९०च्या दशकात जळगावात ऊतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं आली, ठिबक आलं, ग्रँड नैन वाण आला. घड एकसारखे, एकाच वेळी काढणीला यायला लागले. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. परदेशी गिऱ्हाईक आलं आणि त्यानं एकच गोष्ट मागितली: पहिली पेटी जशी, तशीच शेवटची.

म्हणून हे पॅकहाऊस. आणि म्हणून ही भिंत.

(दृश्य: पांढरी भिंत. डावीकडे निळ्या ऑइलपेंटमध्ये लिहिलेल्या ओळी. उजवीकडे लाकडी फळा, त्यावर खडू.)

या भिंतीसमोर आम्ही दोन दिवस बसलो. ह्या फिल्ममधली सगळ्यात मोठी गोष्ट आमच्या मते हीच आहे.

डावीकडे रंगातल्या ओळी. पाण्यात तुरटी किती. पेटीत निव्वळ १३ किलो, वर थोडी भर, कारण वाटेत वजन घटतं. शीतगृहात साडेतेरा अंश. ह्या ओळींना कुणी हात लावत नाही, आणि का लावत नाही हे इथल्या प्रत्येकाला सांगता येतं. तापमान १३ अंशांच्या खाली गेलं की सालीखालच्या शिरा तपकिरी पडतात. मग केळी पिकली तरी सोन्यासारखी पिवळी होत नाही, करडी राहते.

उजवीकडे फळा. त्यावर फक्त चालू असलेले प्रयोग. कुठला टब, काय बदललं, कधीपर्यंत. एका वेळी एकच बदल, एकाच टबावर. बाकीचे टब जुन्याच पद्धतीनं चालतात, म्हणजे फरक दिसतो.

(दृश्य: टब. फण्या पाण्यात तरंगताहेत. बायकांचे हात.)

घडापासून फणी वेगळी केली की देठातून चीक गळतो. तो केळ्याच्या बोटांवर वाळला की काळा डाग पडतो, आणि तो मग काही केल्या निघत नाही. म्हणून फणी आधी तुरटीच्या पाण्यात. चीक थांबेपर्यंत तिथंच. मग दुसरा टब, मग देठाची कड वाकड्या सुरीनं साफ करायची, मग वजनकाटा.

(दृश्य: पन्नाशीच्या एक आक्का. फणी उचलतात, उजेडात धरतात, बोट फिरवतात.)

ह्या आक्का सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून येतात. गेल्या हंगामात त्या मुकादमाला म्हणाल्या:

"दादा, फणी उचलताना टबाच्या किनारीला घासते. आत्ता काही दिसत नाही. सकाळी बघा, बोटावर रेघ उठलेली असते."

मुकादमानं सकाळी पाहिलं. रेघ होती.

(दृश्य: जुन्या गादीच्या फोमची पट्टी. सुतळी. टबाचा काठ.)

बागेतल्या फाटक्या गादीचा फोम कापून आक्कांनी तिसऱ्या टबाच्या काठावर सुतळीनं बांधला. फळ्यावर ओळ पडली: टब ३, किनारीला फोम, शनिवारपर्यंत. रोज सकाळी तिसऱ्या टबाच्या फण्या आणि दुसऱ्या टबाच्या फण्या शेजारी-शेजारी मांडायच्या. मध्येच एक अडचण निघाली. फोम पाणी पितो, चीक धरतो, दोन दिवसांत त्यालाच वास यायला लागला. मग त्यावर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला. ही दुरुस्ती आक्कांची नाही, पेट्या जोडणाऱ्या एका पोराची.

(निवेदन थांबतं. फक्त पाण्याचा आणि पेट्यांचा आवाज.)

अशीच एक गोष्ट बागेतही घडली होती, त्याच पावसाळ्यात. फणी कापली की ती पाल्यावर ठेवायची, देठ खाली करून, म्हणजे चीक जमिनीत गळतो. पाऊस आला, घाई झाली, टोळीनं ती पायरी गाळली आणि फण्या सरळ क्रेटमध्ये भरल्या. काम भराभर उरकलं. कुणी कुणाला सांगितलं नाही. डाग पडले, पेट्या परत आल्या, फरक शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे मालाच्या पैशातून गेला.

टोळीला कामचुकार म्हणणं सोपं आहे. आम्हाला ते पटत नाही. पावसात वेळ वाचवायची त्यांची गरज खरीच होती. ती फळ्यावर आली असती, तर ताडपत्री आली असती. ती आलीच, पण नंतर.

(दृश्य: ताडपत्रीखाली फण्या कापणारी टोळी.)

जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी प्रमाण कामाचा तक्ता बसवला. कुठल्या क्रमानं, किती वेळात, हातात किती माल ठेवून. त्याबद्दल १९७८ च्या पुस्तकात ते लिहितात की अशी पद्धत टेबलाशी बसून लिहिता येत नाही. ती कामाच्या जागी करून बघावी लागते, पुन्हा पुन्हा सुधारावी लागते, आणि कुणालाही पाहताक्षणी कळली पाहिजे. आपल्याकडे एमआयडीसीत कायझेन, म्हणजे सतत थोडी थोडी सुधारणा, हा शब्द आता फाटकावरच्या पाटीइतका ओळखीचा झालाय. तक्ताही लागलेला असतो. तो लिहिला कुणी, हे मात्र विचारायला हवं.

(दृश्य: एका कारखान्याच्या भिंतीवरची सूचनापेटी. कुलूप गंजलेलं.)

ह्या कारखान्याचं नाव आम्ही सांगत नाही. मी तिथं उमेदीची दोन वर्षं काढली. पेटीत तीन चिठ्ठ्या टाकल्या होत्या. परवा चित्रीकरणाला गेलो तेव्हा कुलूप तेच होतं. कामाच्या पद्धतीचा जाडजूड खंड साहेबांच्या कपाटात होता आणि खाली यंत्रावर प्रत्येक पाळी आपल्या मनानं काम करत होती. पद्धतही कागदावरच आणि सुधारणाही.

(दृश्य: पुन्हा पॅकहाऊस. सकाळ. सगळे भिंतीसमोर उभे.)

इथं रोज सकाळी दहा मिनिटं काम बंद असतं. कृषी पदवीधर साहेब, मुकादम, टबावरच्या बाया, पेटीवाली पोरं, सगळे फळ्यासमोर. खडू मुकादमाच्या हातात नसतो. ज्यानं बदल सुचवला, त्याच्या हातात असतो. लिहिता येत नसेल, तर तो सांगेल तसं दुसरा लिहितो, त्याच्याच शब्दांत. फोमच्या ओळीत आजही 'किनार' आहे, 'काठ' नाही.

(दृश्य: पेंटर शिडीवर. निळा रंग. आक्का खाली उभ्या, पदरानं हात पुसत.)

प्रयोग टिकला, म्हणून फोमची ओळ आता डावीकडे, रंगात जातेय. पेंटर 'किनार' लिहितो. आक्का वाचत नाहीत, पण ओळ कुठं संपते ते बघून मान हलवतात.

(दृश्य: कंटेनरचं दार बंद होतं. आत सुमारे २० टन केळी. गाडी रस्त्याला लागते.)

(दृश्य: फळा. ओला कपडा जुनी ओळ पुसतो. नवा खडू.)

टब १, स्टूल चार बोटं उंच, गुरुवारपर्यंत.