पहिलं गनडॉग घेताना: कुत्र्याआधी मालक बघा

मंडळी, माईक जरा लांब ठेवतो, मधेच शिट्टी वाजवून दाखवायचीय आणि मागं लहान पोरं बसलीत.

पहिल्यांदाच गनडॉग, म्हणजे शिकाऱ्याला पाखरू शोधायला आणि आणायला मदत करणारं कुत्रं, शिकवणाऱ्यानं कुठली जात घ्यावी, असा विषय दिलाय. आल्या आल्या पुढच्या रांगेतल्या तात्यांनी अडवलंच मला, म्हणाले शिकारीला आळा घालणारा वन्यजीव कायदा 1972 चा, मग हे बंदुकीचं कुत्रं शिकवून करायचं काय. बरोबर आहे त्यांचं. आणि त्या कायद्यात नुसतं मारणं नाही, सशामागं कुत्रं सोडणं हीसुद्धा शिकारच धरलीय, तेव्हा जत-आटपाडीकडं माळावर कारवान जातीचं पळणारं कुत्रं घेऊन "जरा पळवून आणतो" म्हणणाऱ्यांनी हे कानात घालून ठेवा. आपलं सगळं काम डमीवर. डमी म्हणजे कॅनव्हासची भरलेली वळकटी, अर्धा किलोच्या आसपास, ती लांब फेकायची, कुत्र्यानं जागा सोडायची नाही, सांगितलं की जायचं, वासावर शोधायची आणि दात न रुतवता आणून हातात द्यायची. सांगायला सोपं वाटतंय, पण फेकलेल्या वस्तूमागं न पळता बसून राहणं हे कुत्र्याला केवढं जड जातं ते एकदा घरी करून बघा.

आता जाती. पॉइंटर आणि सेटर लांबलांब पळून रान धुंडाळतात आणि वास आला की जागच्या जागी थिजतात. स्पॅनियल झुडपात घुसून पाखरू उठवतं पण माणसाच्या जवळ राहून, बंदुकीच्या टप्प्यात. रिट्रीव्हर पडलेलं आणून देतं. आणि जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर, विझ्ला ही मंडळी तिन्ही कामं करतात. नवशिक्याला वाटतं, तिन्ही एकात मिळतंय तर तेच घेऊ की!

मलाही तेच वाटलं होतं. मी पहिलं घेतलं ते जर्मन शॉर्टहेअर्ड, खरं सांगायचं तर फोटो बघून, अंगावर ठिपके, पाय उचलून उभं, म्हटलं काय रुबाब आहे. आमचं घर मिरजेच्या अलीकडं, चारी बाजूंनी ऊस आणि पलीकडं द्राक्षबागा. नऊ महिन्यांचं झालं आणि एका सकाळी जे उसात शिरलं ते दोन तास बाहेर नाही, मी बांधावर उभा राहून शिट्टी फुंकतोय, गाल दुखायला लागले, आणि प्रत्येक शिट्टीला ते काय शिकत होतं सांगू? शिट्टी वाजली तरी यायचं नसतं, हे. शेवटी शेजारच्या बागेतून ते घेऊन आले आमचे आबा, पाल्यानं डोळा कापलेला, अंगाला औषधाचा वास, कारण तिथं आदल्या दिवशीच फवारणी झाली होती. आबा एवढंच म्हणाले, "पोरा, कुत्रं चांगलंय रं." पुढचं बोललेच नाहीत, पण मला कळलं. कुत्र्यात काही खोट नव्हती. लांब पळायच्या कामाचं जनावर मी उसाच्या पट्ट्यात आणून ठेवलं होतं आणि वर मला शिट्टी कधी वाजवायची नाही तेही ठाऊक नव्हतं.

म्हणून मी आता उलटं विचारतो. कुठली जात हुशार हे सोडा, तुमच्या हातून कुठल्या चुका होणार ते आधी सांगा. उशिरा ओरडणार? एकच हुकूम पाच वेळा देणार? घरात चार माणसं चार शब्द वापरणार, एक "बस", एक "सिट", आजी "खाली बस की मेल्या"? नवशिक्याकडून हे होणारच, माझ्याकडून अजून होतं. मग या चुका पोटात घालणारं जनावर घ्या, आणि तसं बहुतेक वेळा लॅब्रॅडॉर असतं. तुम्हाला वाटेल हे तर गल्लीगल्लीत दिसतंय. दिसतं, पण बसवून ठेवलेलं दिसतं. मूळचं हे कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचं कुत्रं, गार पाण्यात दिवसभर माणसाबरोबर खपणारं, तिथून इंग्लंडला गेलं आणि 1903 मध्ये तिथल्या केनेल क्लबनं, म्हणजे कुत्र्यांच्या जाती नोंदवणाऱ्या संस्थेनं, जात म्हणून मान्यता दिली. त्यामुळं माणसाकडं बघत काम करायचं हे त्याच्या अंगातच आहे. वर ते खादाड, आणि त्यालाही कारण सापडलंय, 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये, ज्याला आपण नुसतं लॅब म्हणतो, भुकेशी संबंध असलेल्या जीनचा एक तुकडाच गायब दिसला. शिकवणाऱ्याला याहून सोयीचं काय पाहिजे, भाकरीच्या चतकोराचे तुकडे करा आणि काम करून घ्या. फक्त रात्रीच्या जेवणातून तेवढं वजा करा, नाहीतर सहा महिन्यांत पोतं होतंय.

स्पॅनियल मलाही लई आवडतं, पण दुसरं कुत्रं म्हणून. ते विजेसारखं शिकतं आणि तुमची चूकही विजेसारखीच शिकतं. त्यात त्याचे लांब केसाळ कान, आणि दिवाळीनंतर आपल्या माळावरचं कुसळी गवत. कुसळ कानात नाहीतर बोटांच्या फटीत शिरलं की ते पुढंच सरकतं, मागं येत नाही, मग डॉक्टरच. रोज संध्याकाळी अर्धा तास कान-पंजे तपासायची तयारी असेल तर घ्या. गोल्डन रिट्रीव्हर स्वभावानं लॅबसारखंच गोड, पण अंगावरचे ते दाट केस आणि आपला एप्रिल, विचार करा. मुधोळबद्दल दरवेळी कोणीतरी विचारतंच, जवळचंच गाव, आपला अभिमान, पण ते नजरेवर पळणारं कुत्रं, आणून देणं हे त्याचं कामच नव्हे, त्याला डमी आणायला लावणं म्हणजे शर्यतीच्या खोंडाला घाण्याला जुंपण्यासारखं.

लॅब ठरलं तरी काम संपत नाही, कारण लॅबमध्येही शोची लाईन वेगळी, कामाची वेगळी, शोचं जाड आणि संथ, कामाचं सडपातळ आणि सतत काहीतरी मागणारं. पहिल्यांदा असेल तर मधलं बघा. आई बघितल्याशिवाय पिल्लू उचलू नका, आई माणसाला बघून कोपऱ्यात जात असेल तर चहा पिऊन परत या. केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, खुब्याचे सांधे सांगत नाही, म्हणून आई-बाप दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. ब्रीडर चिडला तर तुम्हाला उत्तर मिळालं. आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू कोणी देत असेल तर घेऊ नका, 2017 च्या नियमांनी ते विकायलाच बंदी आहे.

पाण्याचं राहिलं. लॅबला पाणी दिसलं की ते उडी मारणारच, म्हणून दोन ठिकाणं टाळा. एक कृष्णा, मगरी आहेत हे सांगलीकरांना मी काय सांगायचं. दुसरं शेततळं, ते जास्त फसवं. प्लास्टिकच्या कागदावर कुत्र्याची नखं धरत नाहीत, चांगलं पोहणारं कुत्रंसुद्धा काठाशी दमून बुडतं. उतार असलेला, तळ दिसणारा ओढा शोधा.

तर रविवारी सकाळी साडेसहाला या, दंडोबाच्या डोंगराच्या अलीकडं आमच्या भावकीची पडीक जमीन आहे तिथं. कुत्रं आणू नका, ज्यांच्याकडं आहे त्यांनीही नको. शिट्टी आणा. दोघादोघांची जोडी करणार, एकानं मालक व्हायचं, एकानं कुत्रं, आणि कुत्रं झालेल्यानं बोलायचं नाही, फक्त शिट्टी कळली तर यायचं. मागच्या वेळी एक काका कुत्रं झाले होते, त्यांची बायको मालक. काका शेवटपर्यंत आलेच नाहीत.