उतार कधी पडला, कधी उलटलं

नागपूर, मे महिना, मानसोपचाराची ओपीडी. "आता कसा आहे?" "बरा आहे जी," आई सांगते. या 'बरा'मध्ये काय काय धरायचं?

स्किझोफ्रेनियाला उतार पडला, म्हणजे रेमिशन आलं, असं कधी म्हणायचं याचे निकष 2005 साली तज्ज्ञांच्या एका गटानं मांडले. पॅन्स या मोजपट्टीवर 30 लक्षणं असतात, प्रत्येकाला 1 ते 7 गुण. त्यांतली आठच पाहायची: भ्रम, भास, विस्कळीत विचार, विचित्र कल्पना, चमत्कारिक हावभाव, भावहीन चेहरा, माणसांत न मिसळणं, आपणहून न बोलणं. आठही 3 किंवा खाली, आणि तेही सहा महिने. एकाला जरी 4 पडले, तरी रेमिशन नाही.

आकडेमोडीत एक चूक हमखास होते. 1 गुण म्हणजे लक्षण नाहीच. त्यामुळे बेरीज शून्यापासून नव्हे, 30 पासून सुरू होते. 90 वरून 60 वर आलेला रुग्ण एक तृतीयांश नाही, निम्मा सुधारलेला असतो.

माणसांत मिसळतो का, हे घरच्यांनाच विचारावं लागतं, तेही मागच्या आठवड्याबद्दल. पण "बाहेर जातो का?" हा प्रश्न मे महिन्यात कुचकामी. 45 अंशांत दुपारी अख्खं नागपूर कूलरसमोर पडलेलं असतं! त्यापेक्षा विचारावं: पाहुणे आले की बसतो, की उठून आत जातो?

चेहऱ्याचं आणखी अवघड. भावहीन दिसणारा चेहरा कधीकधी औषधानं ताठरलेला असतो. म्हणून हात सैल सोडायला सांगून कोपरातून हलवून पाहतात. दातेरी चाकासारखा अडखळला, तर तशी नोंद करायची. नोंद राहिली, की आजारच वाढला समजून डोस वाढवला जातो, आणि चेहरा आणखी ताठरतो.

आता रिलॅप्स, म्हणजे दुखणं उलटणं. नुसत्या दवाखान्यातल्या भरतीवरून ते मोजणं आम्हांला पटत नाही. एक घर पहिल्याच रात्री रुग्णाला घेऊन येतं, दुसरं महिनाभर खोलीत सांभाळतं. संशोधनात भरतीसोबत इतर निकषही लावतात: पॅन्सची बेरीज 25 टक्क्यांनी वाढणं, किंवा मुळात 40 च्या आत असेल तर 10 गुणांनी, शिवाय स्वतःला इजा करणं, हिंसक वागणं.

भरतीची तारीख कागदावर असते, उलटल्याची नसते. ती घरच्यांच्या आठवणीतून काढावी लागते. "कधीपासून?" विचारलं तर "झाले असतील काही दिवस" एवढंच येतं. मग विचारायचं: पोळ्याला झोप नीट होती? दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक पाहायला गेला होता? तेव्हा कानात आवाज येतात म्हणाला होता का?