खिडकी खालून वर वाचताना

पडद्यावरच्या छायाचित्रात दिसणारी ही रंगीत काचांच्या चित्रांची खिडकी फ्रान्समधल्या शार्त्र येथील कॅथीड्रलची आहे. 1194 च्या आगीनंतर ती वास्तू नव्याने उभी राहिली आणि तेराव्या शतकाच्या आरंभी तिच्या दक्षिणेकडच्या भिंतीत ही खिडकी बसवली गेली. तिच्यापुढे उभे राहिल्यावर आपल्याला पहिल्यांदा आडवी येते ती आपली सवय. आपण पोथी वरून खाली वाचतो. ही खिडकी मात्र तळापासून वर चढत वाचायची असते.

तळाशी संत नाहीत की राजे नाहीत, तर जोडे करणारे कारागीर आपल्या कामात गढलेले आहेत. त्यांच्याच संघाने खिडकीचा खर्च उचलला, असे फार काळ सरसकट सांगितले गेले. आजचे अभ्यासक ते तितक्या ठामपणे म्हणत नाहीत आणि मलाही हा सावधपणा रास्त वाटतो.

त्यांच्या वर बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला दृष्टांत सुरू होतो, जो मराठी वाचकांना ‘चांगला शोमरोनी’ म्हणून ठाऊक आहे: यरुशलेमेहून निघालेला वाटसरू, त्याला लुटणारे चोर, पाहूनही पुढे जाणारे याजक आणि लेवी (मंदिरातले सेवक), आणि अखेर जखमा बांधून त्याला उतारशाळेत पोहोचवणारा परका शोमरोनी. गोष्ट इथे संपते, पण खिडकी संपत नाही. वरच्या भागात आदाम आणि हव्वा यांची कथा येते. मध्ययुगीन धर्मपंडित यरुशलेम सोडणाऱ्या वाटसरूत एदेन बागेबाहेर पडलेला आदाम पाहत आणि शोमरोन्यात ख्रिस्त. म्हणजे खालच्या गोष्टीवरची टीका (हा शब्द मी भाष्याच्या जुन्या अर्थाने वापरतो आहे) वर चित्रांतूनच लिहिलेली आहे.

आता जरा जवळ जाऊ. निळा रंग काचेवर फासलेला नाही. काच वितळलेली असतानाच त्यात कोबाल्ट मिसळलेले आहे. तांब्याचा लाल रंग इतका गडद असतो की पूर्ण जाडीची लाल काच जवळजवळ काळीच दिसली असती, म्हणून रंगहीन काचेत लाल रंगाचे केवळ पातळ थर दिलेले असत. कुंचल्याचे काम फक्त डोळे, केस आणि वस्त्रांच्या चुण्या यांपुरते: धातूची भस्मे आणि काचेची पूड यांचा काळपट लेप रेखून तो भट्टीत पक्का केला जाई. तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या म्हणजे निव्वळ सांधे, असे समजू नका. आकृतीची बाह्यरेषा त्याच ओढतात. मात्र एखादी पट्टी चेहऱ्यावरून विनाकारण तिरपी गेलेली दिसली, तर तिथे तडकलेली काच पुढे कधीतरी सांधली असावी, असा संशय जरूर घ्या.

ही खिडकी पाहायला शक्यतो ढगाळ दिवशी जा. थेट उन्हात फिक्या काचा डोळे दिपवतात आणि शेजारचे बारीक रेखाटन हरवते. ढगांतून सारखा प्रकाश आला की शोमरोन्याच्या झग्याच्या चुण्यासुद्धा मोजता येतात.