जायफळाचे किती वेढे?

श्रोतेहो, नमस्कार.

रात्री झोप लागत नाही म्हटलं की आपल्याकडे सल्ला ठरलेला असतो, "दुधात जायफळ उगाळून घे." किती उगाळायचं, असं विचारलं की उत्तर येतं, "दोन-चार वेढे दे." आता वेढा म्हणजे नेमकं किती? सहाण खरखरीत असेल आणि हात जड असेल, तर दोन वेढ्यांत जेवढं उतरतं तेवढं झिजून गुळगुळीत झालेल्या सहाणेवर दहा वेढ्यांतही उतरत नाही. झोपेच्या वनस्पतींबद्दल बोलताना खरा प्रश्न हाच आहे. नावं सगळ्यांना पाठ असतात, मात्रा कुणालाच नसते.

जायफळ अडकित्त्याने मधोमध फोडून पाहा. फिकट गरात झाडाच्या फांद्यांसारख्या तपकिरी रेषा पसरलेल्या दिसतील. सुगंधी तेल साठतं ते मुख्यतः या रेषांमध्ये. त्यात मिरिस्टिसिन, एलेमिसिन अशी द्रव्यं असतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत जायफळाच्या अर्काने झोपेच्या औषधाचा अंमल लांबतो, असं दिसलेलं आहे. म्हणूनच झोपेची गोळी चालू असलेल्या माणसाने वर जायफळाचं दूध घेऊ नये.

मोठ्या माणसाला पाव ते अर्धा ग्रॅम, म्हणजे साधारण एक चिमूट, पुष्कळ झाली. आयुर्वेदात चूर्णाची मात्रा अर्धा ते एक ग्रॅम दिलेली आहे, त्यापलीकडे जायचं कारण नाही. चहाचा एक सपाट चमचा भरला की सव्वादोन ग्रॅमच्या आसपास पूड होते, आणि अख्खं जायफळ पाच-सहा ग्रॅमचं असतं. पाच ग्रॅमच्या पुढे गेलं की तोंडाला कोरड पडते, छाती धडधडते, मळमळतं, भास होतात. हे तीन ते सहा तासांनी सुरू होतं आणि दुसऱ्या दिवशीही उतरत नाही. चुकतं ते इथेच. अर्ध्या तासात काही वाटलं नाही म्हणून माणूस आणखी एक चमचा घेतो.

दुसरी चूक डब्यातली. तेल उडून जाणारं आहे, त्यामुळे वर्षभर पडलेली तयार पूड मिळमिळीत होते. तिचा गुण येत नाही म्हणून चमचा वाढत जातो. मग एक दिवस कोकणातून ताजी जायफळं येतात आणि त्याच सवयीच्या चमच्याने घात होतो. अख्खं फळ ठेवावं, लागेल तेवढंच किसावं.

बाळगुटीबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही, त्यात जायफळाचा वेढाही आला. गुटीनंतर बाळ शांत झोपलं की घरात समाधान असतं. पण इवल्याशा देहाला जास्त झालेल्या मात्रेची गुंगीसुद्धा बाहेरून तशीच शांत दिसते. मुंबईच्या गिरण्यांच्या काळात कामावर जाणाऱ्या आया बाळाला अफूची बाळागोळी देत. अफूतलं मॉर्फिन झोप आणतं तसा श्वासही मंद करतं.

आता अश्वगंधा. शास्त्रीय नाव विथानिया सोम्निफेरा, आणि सोम्निफेरा म्हणजे झोप आणणारी. पण ही त्या रात्रीची गोळी नव्हे. माणसांवरच्या चाचण्यांत बहुधा मुळाचा तीव्र अर्क ३०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, असा आठ-दहा आठवडे दिलेला आहे. फरक पडला तो झोप लागायला लागणाऱ्या वेळात आणि झोपेच्या प्रतीत, तोही माफक. चार दिवस घेऊन "काही उपयोग नाही" म्हणणाऱ्यांनी घाई केलेली असते.

नेमकं कोणतं द्रव्य झोप आणतं, याचं उत्तर गमतीचं निघालं. सगळ्यांचा भर अश्वगंधेतल्या विथॅनोलाइड नावाच्या द्रव्यांवर, बाटलीवर टक्केवारी छापतात ती त्यांचीच. पण जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली दाखवलं की उंदरांमध्ये झोप वाढवली ती पानांतल्या ट्रायएथिलीन ग्लायकॉल नावाच्या साध्या रेणूने, विथॅनोलाइडयुक्त अर्काने नाही. हे ऐकून पानं उकळायला घेऊ नका. आपल्या आयुष मंत्रालयाने २०२१ साली पानं न वापरता मूळच वापरण्याची सूचना काढलेली आहे.

मूळ मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरकडून येतं. चांगलं मूळ कटकन मोडतं आणि आत पिठूळ पांढरं असतं. घरी क्षीरपाक करायचा तर जुनं प्रमाण सोपं आहे: औषधाच्या आठपट दूध, दुधाच्या चौपट पाणी. पाच ग्रॅम भरड, चाळीस मिलिलिटर दूध, एकशेसाठ मिलिलिटर पाणी. मंद आचेवर, ढवळत, पाणी आटून दूध उरेपर्यंत ठेवायचं आणि गाळून कोमट प्यायचं. भरडच घ्या. बारीक चूर्ण गाळण्यातून खाली उतरतं आणि तळाला लागून करपतं. मोठ्या आचेवर दूध उतू जातं आणि मात्रेचा अंदाज राहत नाही.

एक गोंधळ मात्र महागात पडतो. चूर्णाची मात्रा तीन ते सहा ग्रॅम. बाटलीतला अर्क त्याच्या कितीतरी पट तीव्र असतो, आणि लोक तोही चमच्याने घेतात. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. अंगाला खाज सुटली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर ती तिथेच बंद करून डॉक्टरांकडे जायचं. थायरॉइड वाढलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तर सुरूच करू नये.

तगराचं थोडक्यात. हे अंगणातलं फुलांचं तगर नव्हे, मुळासाठी वापरतात ती वेगळी वनस्पती. मूळ वाळताना पायमोज्यांसारखा वास सुटतो तो आयसोव्हॅलेरिक आम्लाचा. त्याच कुळातल्या युरोपीय व्हॅलेरियनचं व्हॅलेरेनिक आम्ल मेंदूतल्या गाबा या शांत करणाऱ्या संदेशाला जोर देतं. चाचण्यांचे निकाल एकसारखे नाहीत. दारूबरोबर घेऊ नये, दोघांची गुंगी एकावर एक चढते.

आणि सर्पगंधा. ही झोपेसाठी मनाने घ्यायची वनस्पतीच नाही. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली उच्च रक्तदाबावरचा तिचा उपयोग ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि ती जगभर गेली. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. हे द्रव्य मज्जातंतूंमधला नॉरएड्रेनलिन, डोपामिन, सेरोटोनिन या संदेशवाहक द्रव्यांचा साठाच रिकामा करतं. म्हणून माणूस थंडावतो. सोबत रक्तदाब उतरतो, नाडी मंदावते, नाक चोंदतं आणि काहींना खोल उदासी येते. गोळी बंद केली तरी साठा भरायला दिवस लागतात. आधीच रक्तदाबाचं औषध चालू असलेले आजोबा "झोपेसाठी" म्हणून सर्पगंधेची वटी घेतात आणि पहाटे लघवीला उठताना तोल जाऊन पडतात.

यातलं काहीही चालू असेल आणि शस्त्रक्रिया ठरली असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना नावासकट सांगा. "काही औषधं घेता का?" या प्रश्नाला आपल्याकडे "नाही, फक्त अश्वगंधा" असं उत्तर येतं. जातानाच ती बाटली पिशवीत घेऊन जा.