सालगडी का रोजंदारी?

नमस्कार मंडळी. आज लातूर, नांदेड, जालना, संभाजीनगर, कुठं का असंना, घरी लॅपटॉप मांडून डिझाईन, वेबसाईट, अकाउंट्सची कामं करणाऱ्या पोरापोरींशी बोलायचंय. काम तुम्हाला येतंच, पैसे कसे मागायचे ते बघू.

तासाचा रेट काढताना बहुतेक जण असा हिशोब घालतात की महिन्याला ४० हजार पाहिजेत, २०० तास बसतो, म्हणजे २०० रुपये तास, झालं. अहो पण कोटेशन, नवीन क्लायंटमागं फिरणं, वसुलीचे फोन, लाईट गेलेली दुपार, याचे पैसे कोण देणार? बिल लावता येतील असे तास १०० निघाले तरी लई झाले. वर नेट, सॉफ्टवेअर, लॅपटॉपची झीज मिळून १० हजार धरा, म्हणजे ५० हजार भागिले १००, रेट पडला ५००. आणि तास त्याच दिवशी लिहून ठेवा, 'बॅनरचे रंग बदलले, ४५ मिनिटं', 'मजकुरावर फोन, २० मिनिटं', असं. नुसतं 'डिझाईन, ६ तास' लिहिलं तर समोरचा घासाघीस करणारच, का नाही करणार?

तासाच्या बिलात एक गोम आहे, हात जितका बसेल तितकं बिल कमी, म्हणून नेहमीच्या क्लायंटला रिटेनर बरा, म्हणजे दर महिन्याला ठरलेल्या तासांचे ठरलेले पैसे. पण आपल्याकडं महिन्याचे पैसे ठरले की समोरच्याला वाटतं सालगडी ठेवला, पाडव्याला साल ठरलं, उचल दिली, आता हाक मारली की हजर. मग रात्री ११ ला व्हाट्सॲप येतं, 'भाऊ, जरा एक पोस्टर.' म्हणून सुरुवातीलाच लिहून द्या: महिन्याला २० तास, ९,५०० रुपये, त्यावरचा प्रत्येक तास ५०० नं, काम दोन दिवसांत मिळेल, रविवार सुट्टी. तास रिटेनरमध्येही मोजायचेच बरं का, नाहीतर २० चे ३५ कधी झाले कळत नाही.

उरलेल्या तासांचं काय, भांडण इथंच होतं. लातूरचे क्लासेस घ्या, नीटचा निकाल लागला की टॉपर पोरांचे फोटो, फ्लेक्स, पेपरच्या जाहिराती, आठवडाभर झोप नाही, आणि दिवाळीत क्लायंटचा फोनसुद्धा नाही. तो म्हणणार दिवाळीचे तास साठवून जूनमध्ये द्या. माझं मत विचाराल तर उरलेले तास फार तर पुढच्या एका महिन्यात न्यायचे, नंतर संपले. तुम्ही त्याच्यासाठी वेळ राखून ठेवला होता ना, मग त्याचेच ते पैसे.

रिटेनरचं बिल महिन्याच्या १ तारखेला लावा, आगाऊ. तासाच्या कामाला अर्धे पैसे आधी घ्या, ओळखीचा असला तरी. ओळखीचा असला तर जास्तच.

आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून टाका, आधार-पॅनवर ऑनलाईन होते, फुकट आहे, एजंटला हजार रुपये द्यायची गरज नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेनं ठरवलेल्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तक्रार ऑनलाईन करता येते. पण निम्म्या वेळा तिथवर जावंच लागत नाही, बिलाच्या तळाला उद्यम नंबर आणि ४५ दिवसांची ओळ टाका, अकाउंट्सवाला माणूस ती वाचतोच.